घातले किती, अंगी लागले किती

ज्या गृहस्थांविषयी मी हे लिहितो आहे ते आता हयात नाहीत. त्यामुळे माझ्या एकाही विधानाला त्यांच्याकडून उत्तर येणार नाही. ही सोय त्यांच्या हयातीत मला एकदाही लाभली नाही, एवढे आरंभीच नमूद करतो.

मी दिवाणी न्यायालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. ते शेतकी महाविद्यालयात मातीचे शास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि शाहूपुरीतील माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आले. पत्नी वारलेली, एकुलती मुलगी परदेशी. बोलताना मी त्यांना ‘सर’ म्हणे. लेखी व्यवहारात ‘भाडेकरू’. जागेचा वापर केवळ राहण्यासाठी होईल, असे करारनाम्यात स्पष्ट लिहिलेले होते. पहिल्याच महिन्यात माझ्या गच्चीवर वर्तमानपत्रांवर माती वाळत पडली. शिरोळची काळी, शाहूवाडीची तांबडी, आणि दोहोंच्या मध्ये माझ्या पत्नीचे पापड. मी तत्काळ लेखी हरकत घेतली. उत्तर जिन्यावरून चालत खाली आले.

“हरकत मातीला आहे की पापडांना?”

“मातीला. पापड मालकाचे आहेत.”

तेवढ्यात आमच्या मंडळी आतून म्हणाल्या, “अहो, राहू दे ती माती. सर दिवसभर तिची राखण करतात, त्यात माझ्या पापडांची आपोआप होते.” स्वतःच्या घरात प्रतिवादीला साक्षीदार मिळाल्यावर दावा चालवण्यात अर्थ नसतो. मी हरकत मागे घेतली नाही. फक्त पुढे चालवली नाही.

त्या मातीचे, आणि नंतर मिक्सरमध्ये दळलेल्या उसाच्या वाळक्या पानांचे, प्रयोजन काय हे समजायला मला बराच काळ लागला. सरांनी आयुष्यभर एकच प्रश्न विचारला होता. शेतकरी युरिया घालतो, त्यातला नत्र पिकाच्या अंगी लागतो किती? उरलेला कुठे जातो? पाण्याबरोबर खाली, नदीत, की वाफ होऊन वर? “घातले किती ते सगळे सांगतात,” ते म्हणत, “अंगी लागले किती, ते कोणी सांगत नाही.”

हा प्रश्न त्यांनी उसापुरता ठेवला असता तर आमचे संबंध पुष्कळ बरे राहिले असते. माझ्या पुतणीच्या लग्नात नवऱ्या मुलाचे वडील मुलाच्या पदव्या सांगत होते. सरांनी जिलेबी खाली ठेवून अत्यंत आदराने विचारले, “शिक्षण किती घातले ते कळले. अंगी किती लागले?” वरपक्ष तासभर रुसून बसला. त्यांची समजूत घालण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले.

एकदा त्यांनी हा प्रश्न माझ्याकडेच वळवला. बंद पडलेला दिवा, तुंबलेले गटार, नियमबाह्य गतिरोधक अशा विषयांवर मी संबंधित कार्यालयांना नियमित लिहीत असतो. कोणी तरी लिहिले पाहिजे.

“साहेब,” सर म्हणाले, “पत्रे किती घातली ते फायलीच्या जाडीवरून दिसतेच आहे. कार्यालयाच्या अंगी किती लागली?”

मी त्यांना खिडकीतून रस्त्यावरचा दिवा दाखवला. “हा माझ्या पत्रामुळे लागला.”

“पत्र घातले नसते तर?”

“तर लागला नसता.”

“मागच्या गल्लीतलाही लागला की. तिथे कोण लिहिते?”

“कोणीही नाही. ती माणसे बेजबाबदार आहेत.”

“मग ती गल्ली तुमचा शून्य पट्टा. तिथे काहीही न घालता जे झाले ते इथल्यातून वजा करा. उरेल ते तुमच्या पत्रांचे.”

मी वजाबाकी केली. बाकी काय उरली हे येथे लिहिण्याची मला आवश्यकता वाटत नाही. त्याच आठवड्यात पाण्याच्या अवाजवी वापराबद्दल मी त्यांना नोटीस दिली.

ही वजाबाकी हेच त्यांचे सारे शास्त्र. शेतात एक पट्टा बिनयुरियाचा ठेवायचा. बाकी सगळे, पाणी, स्फुरद, पालाश, सारखे. शेवटी दोन्हीकडचा ऊस तोलायचा, त्यातला नत्र तपासायचा, आणि खताच्या पट्ट्यातून बिनखताचा वजा करायचा. जो फरक उरेल तो खतातून आलेला. महाविद्यालयाच्या रानावर त्यांनी हे अनेकदा केले होते. परंतु आमच्या भागातील साखर कारखान्याच्या शेती अधिकाऱ्याने त्यांना सांगितले होते, “सर, कॉलेजचं रान ते कॉलेजचं रान. शिरोळच्या शेतकऱ्याच्या उसातला आकडा आणा, मी शेतीच्या सभेत मांडतो. सभासदांना दिली जाणारी खताची शिफारस बदलून दाखवतो.” त्या एका वाक्यासाठी सर जगत होते. त्यांच्या हृदयाविषयी डॉक्टरांनी काय सांगितले आहे, हे या शहरात तीनच माणसांना ठाऊक होते: डॉक्टरांना, सरांना, आणि भाडेकरूचे काही बरेवाईट झाल्यास कोणाला कळवावे हे विचारून ठेवणे ज्याला कर्तव्य वाटले त्या मला.

शिरोळ तालुक्यात माझी वडिलार्जित जमीन आहे. महापुराचे पाणी सहसा चढत नाही अशा उंचवट्यावर. ती माझा चुलतभाऊ बापू कसतो. मी ती प्रयोगासाठी दिली. उपकार म्हणून नव्हे, रीतसर करारनामा करून.

कोणता पट्टा रिकामा ठेवायचा ते सर स्वतः ठरवायला तयार नव्हते. माणसाने ठरवले की मन आधीच हलक्या जमिनीकडे झुकते, असे त्यांचे म्हणणे. म्हणून चिठ्ठ्या टाकल्या आणि बापूच्या हातूनच काढवल्या. त्याच्या हाताला नेमका रस्त्याकडेचा पट्टा लागला.

“सर, ह्यो सोडून कुठलाबी घ्या की,” बापू काकुळतीला आला. “ह्येच्या कडंनं सगळं गाव डेअरीला दूध घालायला जातंय.”

“चिठ्ठी एकदाच निघते, बापूराव.”

सोडतीचा निकाल उभयपक्षी बंधनकारक असतो, असे मीही बापूला सुनावले. हे मी तत्त्वाला धरून बोललो. गाव मला दररोज ओलांडायचे नव्हते, ही गोष्ट वेगळी.

उन्हाळा सरेपर्यंत तो पट्टा पिवळा पडला. दोन्ही अंगाला गर्द हिरवा ऊस आणि मध्ये हा, आजारातून उठल्यासारखा. गावाने त्याला ‘उपाशी पट्टा’ असे नाव ठेवले आणि बापूचे जगणे अवघड केले.

“काय बापू, युरिया मिळंना व्हय? माझ्याकडनं न्हे की पोतं.”

“आण्णा कोर्टात हुतं न्हवं? त्यामुळं उसालाबी जामीन मिळंना झालाय.”

गावात मी ‘आण्णा’. अशी वाक्ये बापू मला फोनवर जशीच्या तशी ऐकवी. दिवाणी न्यायालयाचा जामिनाशी संबंध येत नाही, हे मी त्याला प्रत्येक वेळी समजावून सांगे.

आणि मग पावसाच्या एका उघडिपीत सर नि मी एसटीने गेलो, तर तो पट्टा हिरवा होता. शेजारच्यापेक्षा तसूभरही कमी नाही. सर बांधावर उकिडवे बसले. एका बुडख्याजवळची माती त्यांनी बोटाने बाजूला केली आणि पांढरे दाणे तळहातावर घेतले.

“साहेब, याला कुणीतरी जेवायला घातलंय.”

संताप म्हणजे काय हे मला त्या दिवशी नव्याने कळले. मी तडक पोलीस ठाण्यात गेलो. तिथे एक हवालदार होते. त्यांचे कायद्याचे ज्ञान मी येथे जसे ऐकले तसे देतो.

“काय चोरीला गेलंय, आण्णा?”

“काही गेलेले नाही. आलेले आहे.”

“आलंय? काय?”

“युरिया.”

“कुणाच्या रानात?”

“माझ्या.”

“फुकट?”

“हो. अनधिकृतपणे.”

“मग नुकसान काय झालंय?”

“ऊस चांगला आला आहे.”

हवालदारांनी लेखणी खाली ठेवली. “आण्णा, चहा घ्या. आन त्या चोराचा पत्ता लागला तर माझ्या रानाकडंबी लावून द्या.”

मी चहा घेतला नाही. स्वखर्चाने लोखंडी फलक करवून पट्ट्यावर उभा केला: ‘सदर क्षेत्रात विनापरवाना प्रवेश करणे अथवा खत टाकणे हा दंडनीय अपराध आहे. आज्ञेवरून.’ आज्ञा कोणाची ते लिहिले नव्हते, माझीच होती. त्यानंतर एका सकाळी मी स्वतः बापूच्या मोटर खोलीच्या आडोशाला उभा राहिलो, आणि गुन्हेगार एक नाही, हे डोळ्यांनी पाहिले. डेअरीला जाणारा एक जण किटली खाली ठेवून फलकाच्याच आडोशाला वाकला. त्यानंतर पलीकडच्या रानातला अमीन सायकलवरून उतरला आणि त्याने विजारीच्या खिशातून मूठ काढली. शेवटी शेळ्या घेऊन हौसाक्का आली. गावातली सर्वांत वयस्क बाई. तिने तर पदराच्या ओच्यात आणला होता. मी पुढे झालो.

“आक्का, हा फलक दिसला नाही?”

“दिसला की. सावली चांगली पडती त्येची.”

“तुम्ही प्रयोगाचे नुकसान करता आहात.”

“आण्णा,” ती माझ्या पदाचा काडीचाही मुलाहिजा न ठेवता म्हणाली, “एका दावणीला चार जनावरं बांधायची, तिघांना वैरण टाकायची आन एकाला निस्तं बघायला लावायचं. कुठल्या कायद्यात बसतंय रं ह्ये?”

कोणत्या कायद्यात बसत नाही, हे मी तिला सांगू शकलो असतो. तोवर ती शेळ्यांमागे गेली होती.

तोडणी झाली. सरांनी पट्टावार वजने घेतली. उपाशी पट्ट्याचा उतारा पूर्ण डोस दिलेल्या पट्ट्याइतकाच आला, किंचित जास्तच. वजाबाकीनुसार कारखान्याने शिफारस केलेल्या खताचा कणही उसाच्या अंगी लागला नव्हता. उलट थोडा उसानेच परत केला होता.

कारखान्याच्या सभागृहात सभा भरली. शेती अधिकारी आकडे पाहून हरखून गेले. “वा सर! म्हणजे युरिया न घालताच ऊस आला की! ह्ये छापू आपण.” सर माझ्याकडे वळले. मी त्यांच्या कानाशी लागून कायदेशीर सल्ला दिला, आणि तो आजही चुकीचा होता असे मला वाटत नाही: जे कोणी विचारलेले नाही ते सांगण्याचा भार आपल्यावर नाही. शिफारस बदलली जाणार होती. त्यांना हवी होती त्याच दिशेने, हवी होती त्याहून जास्त. आणि डॉक्टरांचे शब्द आम्हा दोघांच्याही ध्यानात होते.

सर उठले. “हा आकडा खोटा आहे,” ते म्हणाले. “त्या पट्ट्याला गावाने युरिया घातला आहे. किती, ते मला माहीत नाही. किती ते कळले, तर अजून काही करता येईल.”

सभागृहात गावातली निम्मी मंडळी होती. ती सगळी छताकडे पाहू लागली. मग मी उठलो आणि जमीनमालक या नात्याने जाहीर अभय दिले. ज्याने घातले त्याने प्रमाण सांगावे. कोणावरही कारवाई होणार नाही.

मग अमीन उभा राहिला. “दोन-चार मुठी घातल्या मी. खोटं कशाला बोलू?”

“मुठी काय सांगतोस, अमीन?” मागून आवाज आला. “मी घमेलं रिकामं केलंय.”

“घमेलं? म्या अर्धं पोतं वतलंय!”

“तू? सोत्ताच्या उसाला तरी घालतोस व्हय रं?”

“आपल्याला काय, दुसऱ्याचं दुख बघवत न्हाय!”

ज्यांनी तो पट्टा कधी पाहिलाही नव्हता असे शेजारगावचे दोघेही मोठ्या आवाजात पोत्यांचे आकडे सांगू लागले. अपराधाच्या कबुलीला मी बोलावले होते. लोक दानाची जाहिरात करून गेले. सगळ्यांचे म्हणणे खरे धरले असते, तर त्या पट्ट्यात उसाला उभे राहायला जागा उरली नसती. सर सुरुवातीला टिपून घेत होते. मग त्यांनी पेनाला टोपण घातले.

“मग सर, पुढच्या सालाला बघू,” अधिकारी म्हणाले. हे वाक्य मी सरकारी कार्यालयांतून असंख्य वेळा ऐकले आहे. परंतु ज्याच्याजवळ पुढचे साल असेलच असे नाही, अशा माणसाला ते म्हटलेले मी प्रथमच ऐकले.

बापूने पुन्हा जमीन द्यायला साफ नकार दिला. “आण्णा, पाया पडतो. भाऊबंदांत तोंड दावायला जागा ऱ्हाईली न्हाय.” मी मालकी हक्काची नोटीस तयार केली. सरांनी ती वाचली, घडी घातली, स्वतःच्या खिशात ठेवली आणि मला हौसाक्काच्या घरच्या सोप्यावर घेऊन गेले.

“परत उपाशी ठिवणार व्हय त्याला?” तिने विचारले.

“आक्का, मला बघायचंय की खाल्लेलं अंगी किती लागतं. मध्येच कुणी घास घातला की ते कळत नाही.”

“मरंल की त्यो.”

“मरत नाही. जमिनीत आहे तेवढ्यावर राहतो. तुम्ही एकादशीला राहता तसा.”

“मी उपास धरती. मला कोण उपाशी ठिवत न्हाय.”

सर म्हणाले, “मग यंदा यानंही उपास धरलाय.”

“कुणासाटनं?”

त्यांनी समोरच्या शेळ्यांकडे पाहिले. “बाकीच्या उसासाठी. त्यांच्या तोंडचं वाया किती जातं, ते कळावं म्हणून.”

“मग आसं बोला की!” आक्का चिडलीच. “सालभर निस्तं शून्य शून्य करत बसलासा.”

आक्काने बापूला बोलावून घेतले. तिच्यापुढे त्याचे भाऊबंद टिकले नाहीत. शेजारच्या तुकड्यात नव्या उसाची लागण झाली. पुन्हा चिठ्ठ्या पडल्या. पुन्हा रस्त्याकडेचाच पट्टा. या वेळी बापूने स्वतःच खुणेच्या खुंट्या ठोकल्या. माझा लोखंडी फलक काढून सरांनी एक साधी फळी लावली: ‘या पट्ट्याचा उपास आहे. तोडणीपर्यंत.’ त्या मजकुराला कायद्याचा कोणताही आधार नाही, अशी हरकत मी नोंदवली.

ज्या गावाने माझा कायदा उभ्या उन्हात मोडला, त्या गावाने तो उपास मोडला नाही. पट्टा पिवळा पडला, खुरटला, आणि तसाच राहिला. डेअरीला जाणारे त्याच्याकडे पाहत आणि पुढे जात. परगावचा कोणी चौकशीला थांबला, की बांधावरचा माणूस परस्पर सांगे, “पावणं, लांबनं जावा. उपास हाय त्येचा.” अमीन सरांना म्हणाला, “आमच्यातबी रोजा कुणी मोडवत न्हाय, सर. आधीच सांगितला आसता तर माझ्या मुठी तरी वाचल्या आसत्या.” हौसाक्काची शेळी एकदा त्या पट्ट्यात शिरली, तेव्हा तिने शेळीला अशा शिव्या दिल्या, की त्या ऐकून मी कलमे आठवू लागलो.

त्या सालात सर दोनदा दवाखान्यात जाऊन आले. माझ्या पत्नीने डबे पुरवले, आणि मी दवाखान्याच्या बिलातील चुका दाखवणारी पत्रे. तोडणीच्या दिवशी मात्र ते खुर्ची टाकून बांधावर हजर होते. वजने झाली, नमुने तपासणीला गेले, आणि आकडा आला. घातलेल्या नत्रातला निम्मासुद्धा उसाच्या अंगी लागला नव्हता. निम्म्याहून बराच कमी.

सभेत ते बसूनच बोलले. “पंगतीत आपण एकदम सगळी बुंदी पानात ओतत नाही,” एवढेच म्हणाले. “थोडी वाढतो. खाऊन झाली की फिरून येतो. उसालाही तसे वाढा, कमी लागेल.” कोणी हसले नाही. पुढच्या हंगामासाठी सभासदांना गेलेल्या पत्रकात खताचा डोस कमी झाला होता आणि तो जास्त हप्त्यांत विभागला होता. वर छापले होते: ‘आमच्या शेती विभागाच्या संशोधनातून.’ मी ताबडतोब निषेधाचा मसुदा केला. सरांनी पत्रकच पुन्हा वाचले, दोन वेळा, चष्मा पुसून. “साहेब, आकडा बरोबर छापलाय,” ते म्हणाले. त्यांना तेवढेच पाहायचे होते.

एव्हाना शेतात तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून खोडव्याचे कोंब वर आले होते. बापूचा फोन आला. आक्का विचारती, उपास सोडायचा कधी?

सरांच्या शास्त्रात याची तरतूद नव्हती. माझ्या करारनाम्यातही नव्हती. आम्ही गेलो. आक्का, अमीन, बापू आणि पाच-पन्नास माणसे बांधावर होती. घमेली युरियाने भरलेली होती, पण कोणी हात लावत नव्हते.

“ज्यानं धराय लावला त्यानंच सोडवायचा आस्तो,” आक्का म्हणाली.

सरांनी सवयीने पिशवीतून लहान काटा काढला. त्याच्याकडे पाहिले, आणि परत पिशवीत ठेवला. मग घमेल्यातून मूठ भरली आणि ओळीने निघाले. प्रत्येक बुडख्याशी वाकायचे, चिमूट सोडायची, पायाने माती सारायची, उभे राहून श्वास घ्यायचा. बापू पुढे झाला, “सर, मी घालतो की.” त्यांनी मान हलवली. ओळ संपायला फार वेळ लागला, पण बांधावरून कोणी हलले नाही. मग आक्काने हात घातला, आणि मग सगळे रानात उतरले.

“किती घातलेत?” मी विचारले.

“मोजले नाही.”

एवढे बोलून त्यांनी पांढरा हात माझ्या खांद्यावर टेकला, कारण बांध चढायला त्यांना आता आधार लागत होता. माझा सदरा नवा होता आणि डाग उघड दिसत होता. हरकत घेण्याजोगी बाब होती. मी घेतली नाही.